अकरा नंबर

उदगीरला, बियाण्यांच्या दुकानावर माझी खोली.
एक कॉम्प्युटर, दोन स्पीकर, भिंतीला अंड्यांचे ट्रे
आणि जिन्यानं वर चढणारा फवारणीच्या औषधांचा वास.
लग्नाचे, जयंतीचे, गॅदरिंगचे ट्रॅक करून देते.
दर पाटीवर लिहिलाय. तरी घासाघीस होतेच.

गफूर मास्तर आले,
आणि आधी पाच मिनिटं नुसते बसले.
चाळीस वर्षं बँडमध्ये क्लॅरिनेट.
आता पुढचे दात नाहीत, डॉक्टरनं फुंकणं बंद केलंय.
"शगुफ्ताचं लग्न हाय. माझी बिदाईची धून
तुझ्या डब्यात घालून दे."

ते गुणगुणले, मी सूर मांडत गेले.
पडद्यावर हिरव्या विटा, काही लांब, काही तुटक.
ऐकवलं.
ते खिडकीबाहेर बघत म्हणाले,
"सूर बरोबर हायेत. पण पोरं
कवायतीला उभी केल्यावानी."

मग मी व्हेलॉसिटीला हात घातला.
हा चौसष्ट, हा नव्वद, समेवरचा एकशे वीस.
"शेवट किती?"
"एकशे सत्तावीस."
"त्याच्या म्होरं?"
"पुढं काहीच नाही, चाचा."
"मग इतक्या लवकर तिकडं कशाला निघालीस?"

सात नंबर वर ढकलला, म्हणजे व्हॉल्यूम.
खाली दुकानात कुणीतरी वर बघितलं असणार.
"आता वरडायलंय," म्हणाले, "गायला कुठं लागलंय?"

तेव्हा त्यांना सांगता सांगता मलाच कळलं:
पेटीची पट्टी दाबली, की दाबायच्या क्षणीच
तिचं काय ते ठरून जातं, निदान माझ्या या डब्यात.
फुंकणाऱ्याला तशी सुटका नसते.
सूर लागल्यावरही तो त्याच्या मागं मागं जातो,
पोसतो, आवरतो, सोडताना पुन्हा एकदा बघतो.
सात नंबर म्हणजे खोली केवढी, ते.
आतला दम अकरा नंबरचा. एक्स्प्रेशन.

ते उठून माझ्या खुर्चीमागं उभे राहिले.
डोळे मिटून उजवा हात हवेत
वर नेला, थांबवला, खाली आणला,
आणि मी माऊसनं त्या हाताच्या मागोमाग
विटांच्या खाली एक रेघ काढत गेले.
कुठं डोंगर, कुठं उतार.
दुसऱ्या कडव्यात हात एकदम पडला,
खोकला आला होता.
रेघ शून्याला टेकली.
"पुसू का?"
पाणी पिऊन म्हणाले, "ऱ्हाऊ दे.
तिथं मी तसाबी दम घ्यायचो."

एक गोष्ट त्यांना सांगितली नाही.
धून मध्येच थांबवली, तर अकरा नंबर
जिथं असेल तिथंच अडकून राहतो.
मग पुढचं गाणंही दबलेलंच निघतं,
आणि माणूस स्पीकर तपासत बसतो.
नांदेडचं घर सोडून आले
तेव्हा वर्षभर मी अशीच बोलत होते.
आई म्हणायची, घसा बसलाय, हळद घे.
आता प्रत्येक फाईलच्या पहिल्या मात्रेवर
आधी लिहून ठेवते: अकरा, एकशे सत्तावीस.

लग्न नळेगाव रोडच्या हॉलवर.
डोईफोडेच्या पोराचा डीजे, माणसाच्या दीडपट उंच.
त्यानं सगळं चेपून सपाट केलं,
डोंगर नाही, उतार नाही, नुसतं पठार.
मी पाणीपुरीच्या स्टॉलमागं उभी राहिले.

पण दुसऱ्या कडव्यात शून्य आलं.
शून्याला कुठं चेपणार?
अख्ख्या मांडवात अर्धा श्वास शांतता,
त्यात एका बाळाचं रडणं
आणि लांब वळणावर एसटीचा गिअर.

"वायर लूज हाय बे!" डोईफोडेचा पोरगा धावला,
बॉक्सला दोन थापा मारल्या,
आणि सूर परत आला, त्याला वाटलं थापेनं.

पुढच्या खुर्चीवर मास्तरांनी
तेवढ्यात छाती भरून घेतली होती.