दोनशे मीटर

उद्यमबागेत, भरमाच्या लेथला लागून
दहा बाय बाराची खोली भाड्यानं घेतलीय.
पलीकडे फौंड्री. साचे फोडले की
माझ्या भिंगावर काळी बारीक धूळ बसते.
इथं मी घड्याळं करतो. पाणबुड्यांची.
वर्षाला चाळीस.

आतलं यंत्र जपानचं, काच तैवानची,
डबी मात्र भरमाची.
पंपाच्या वाल्व्हला जी पोलादाची कांब लागते
तीच. दिवसा वाल्व्ह, रात्री घड्याळ.
रूप साठ वर्षांमागचं: जाड काटे, फुगीर काच,
अंकांवर चहा सांडल्यासारखा पिवळा रंग.
बायको म्हणाली, नवं करून जुनं कशाला दाखवतोस?
मी म्हटलं, लोकांना आठवण पाहिजे असते,
स्वतःची नसली तरी चालते.
केवढ्याला?
साडेअकरा हजार.
मग ती काही बोलली नाही.

तबकडीवर नाव नाही.
मराठीत घालतो म्हटलं तर भरमाचा मेव्हणा रुसला,
कन्नडात घालतो म्हटलं तर माझा मामा.
इंग्रजीत घालायची मलाच लाज वाटली.
कोरी सोडली.
गिऱ्हाईकं कळवतात: वा, काय संयम!

गिऱ्हाईकं पुण्यात, बंगळुरात, एक डॉर्टमुंडला.
पाण्यात कोणी उतरत नाही.
एकानं विचारलं, हात धुताना काढून ठेवू का?
हसलो नाही. मी तरी समुद्र
दोनदाच पाहिलाय, कारवारला,
गुडघ्यापर्यंत.
माझा समुद्र म्हणजे एक पितळी नळकांडं,
त्यात राकसकोपचं, तिसऱ्या दिवशी येणारं नळाचं पाणी,
आणि भंगारातून आणलेला हातपंप.
काटा वीस बारला टेकेपर्यंत दाबत राहायचं.
दंड भरून येतात. दोनशे मीटर होतात.

मार्चात लगमण्णा अंबिगेर आला,
हिडकलकडचा.
जॅकवेलच्या जाळ्या साफ करतो, गाळात बुडून.
आणि पोलिसांचा फोन आला
की माणसं वर काढतो.
आला होता भरमाकडं फूटवाल्व्ह न्यायला.
माझ्या टेबलावरचं एक उचललं. "एष्टु री?"
आकडा माझ्या तोंडातून निघेना.
त्यानं काचेभोवतीचं कडं फिरवलं. टक टक टक.
उलटं फिरवून बघितलं.
"हे अडकलंय की."

अडकलं नाही, म्हटलं. एकाच बाजूला फिरतं.
खाली कुठं आपटलं, सरकलं,
तर उरलेली वेळ कमीच दाखवतं.
जास्त कधीच नाही.

तो हातात धरून बसला.
भरमाचं लेथ थांबलं, परत सुरू झालं.
"आमी आकडे मोजतो," म्हणाला. "मनात.
थोरला आमच्यात मोजायला हुशार होता.
त्याला पण मीच वर काढलो."

सतरा नंबरचं बाजूला ठेवलं होतं,
बाराचा ठिपका सुतभर तिरका, म्हणून.
ते त्याच्या मनगटावर बांधलं.
पैशाचं त्यानं विचारलं, मी भरमाकडं बघितलं,
भरमा वाल्व्ह मोजायला लागला.

मे संपता संपता परत आला.
काच घासलेली, कड्याच्या दातांत हिडकलचा गाळ.
पाणी शिरलं? मी आधी हेच विचारलं.
नाही.
"खाली काय दिसत नाही. हात पण दिसत नाही.
हे हिरवं तेवढं दिसतंय. बरं असतंय."
मग थोडा संकोचून:
"याच्यावर साठ खुणा कशाला?
मला दोनच लागतात."

त्या रात्री उद्यमबागेतली वीज गेली.
टेबलावर अकरा घड्याळं हिरवी उजळली,
अकरा कोऱ्या तबकड्या,
वेळा सगळ्या वेगळ्या.

भरमानं नवं कडं कातून दिलंय.
त्यावर दोनच खुणा, खोल,
बोटानं चाचपल्या तरी कळतील अशा.
फोटो कसा कोण जाणे डॉर्टमुंडला पोचला.
तो विचारतो, हे असलं मला मिळेल?
वाटेल ते देईन म्हणतो.

दहा दिवस झाले.
अजून उत्तर दिलेलं नाही.