शून्य रुपयांचं तिकीट

कंडक्टरनं आधार कार्ड मागितलं.
माझं नाव त्यावर कन्नडात, खाली इंग्रजीत,
दोन्हींत मला न वाचता येणारं.
त्यानं वाचलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा वाचलं,
यंत्रातून चिठ्ठी फाडून दिली.
खानापूर ते बेळगाव. रुपये शून्य.
शून्य तेवढं ओळखीचं.

शेजारची म्हणाली, कुणाकडं जालीस गं?
दवाखान्यात, म्हटलं. गुडघा दाखवायला.
घरीही हेच सांगून निघालेली.
सकाळपासून वापरून खोटं जरा मऊ झालं होतं.

शंभरदा आले असेन या शहरात.
सासऱ्यांच्या मोतीबिंदूला, बांधाच्या तारखेला कोर्टात,
नणंदेच्या बस्त्याला खडेबाजारात,
जिथं दुकानाच्या पायरीवर बसून मी
सगळ्यांच्या चपला आणि पिशव्या राखल्या.
दर वेळी कुणाची तरी पाठ पुढं,
मी त्या पाठीच्या मागं.
बेळगाव म्हणजे माझ्यासाठी
घामानं चिकटलेले सदरे.

आज स्टँडवर उतरले तर पुढं पाठ नव्हती.
कुठल्या बाजूला वळायचं तेच सुचेना.

रुमालात एकशे ऐंशी रुपये:
अंड्यांचे नव्वद, भिशीतले पन्नास,
चाळीस कुठले ते सांगणार नाही.

किल्ला समोरच होता. चाळीस वर्षं समोरच होता.
आत जायला पैसे पडत नाहीत हे कुणी बोललं नव्हतं.
खंदक, वेस, मिलिटरीनं चुना फासलेले दगड,
आणि बस्तीत छताला उलटं लटकलेलं कमळ, दगडाचं.
मान दुखेस्तोवर बघितलं.
कोरणारा किती दिवस उताणा पडला असेल,
डोळ्यांत किती कच गेली असेल,
जेवायला खालून त्याला कोण हाक मारत असेल.

गणपत गल्लीत नुसते भाव विचारत गेले.
पितळी समई अडीच हजार. विचारायला काय जातंय?
बांगड्या मात्र भरल्या, हिरव्या नव्हेत, जांभळ्या,
तीसच्या पंचवीस करून.
एक प्लेट इडली, उभ्यानं, चाळीस.
सांबार दोनदा मागितलं, त्याचे पैसे नाहीत.

मग सिटी बस, पुन्हा शून्य,
कुठली ते न विचारता चढले. वडगाव निघालं.
गल्लीभर माग, खटाक-खट, खटाक-खट,
भिंतीला टेकले तर पाठीलाही ऐकू आलं.
टपरीवर एक बाई, केसांत सुताचं तूस,
माझ्याकडं दोन बोटं करून म्हणाली, बाय-टू?
मान हलवली.
एक चहा, दोन ग्लास, सहा-सहा रुपये.

निंगव्वा, म्हणाली, छातीवर हात ठेवून.
सगुणा, मी म्हटलं.
यार मनिगे बंदीरी?
मनी म्हणजे घर, तेवढं कळतं.
कुणाच्या घरी आलीस.
आणि दवाखाना काही तोंडातून निघेना.
हात नुसता हवेत फिरवला:
कमळ, समई, बांगड्या, हे.
ती बघत राहिली. मग हसली.
सुम्न?
काय ते?
सुम्न, म्हणाली, आणि माझ्यासारखाच हात फिरवला.
सुम्न, मी म्हटलं.

आमच्यात याला असंच म्हणतात.
पण असंच म्हटलं की मागून
'असंच म्हणजे?' येतं.
तिनं ग्लास विसळून ठेवला आणि मागावर गेली.

नातवासाठी घेतलेला पन्नास ग्रॅम कुंदा
परतीच्या बसमध्ये देसूरच्या पुढं संपला.
कागदावरचं तूप पदराला पुसलं.

दारात सून. काय म्हणाले डॉक्टर?
चालायला सांगितलंय, म्हटलं.
महिन्यातून एकदा तरी.
तिचा डोळा बांगड्यांवर. औषध नाही दिलं?
दिलंय की.
पाणी तापव गं जरा, म्हणत उंबऱ्यावरच बसले.
गुडघा आता खरंच दुखत होता.