लियांद्रबाब चोडणात

फेरीतून उतरला तेव्हा हातात एकच बॅग,
आणि विलायती बूट, रायबंदरच्या धक्क्यावरच चिखलाने माखलेले.
आजोबांच्या घराची किल्ली माझ्याकडे असते.
मी उगम चोडणकर, दोनदा पंच, एकदा उपसरपंच,
तीन पक्षांचे झेंडे माळ्यावर गुंडाळून ठेवलेला.

तिकडे तो पुढारी होता.
लहान पक्ष, सगळे मिळून अकरा खासदार,
पण पुढारी तो पुढारी.
बाप नैरोबीच्या रेल्वेत कारकून, आई लोकांचे कपडे शिवायची.
हा घरोघरी पत्रकं टाकत वर चढला,
कुत्री चावली, दारं आपटली, तरी चढला,
आणि एका रात्री तीनशे मतांनी खुर्ची मिळाली.
रविवारी सकाळी मिस, दुपारी प्रचार.
पुष्कळ वर्षं दोन्ही एकाच सायकलवर बसले,
एक पुढे दांडीवर, एक मागे कॅरियरवर.

मग टीव्हीवर एका बाईने विचारलं,
दोन पुरुष एकमेकांवर प्रेम करतात, ते पाप का?
हा म्हणाला, मी कायद्याच्या बाजूने मत दिलंय.
ती म्हणाली, कायदा नाही विचारला.
करांवर बोलायला गेला, तोच प्रश्न.
शाळांवर बोलायला गेला, तोच.
पुरात बुडालेल्या गावात गमबूट घालून उभा,
तिथेही तोच, छत्रीखालून.
सतराव्या दिवशी तो म्हणाला, नाही. पाप नाही.
पक्षाने टाळ्या वाजवल्या.

बाल्कांवावर बसून तो हे सांगत होता
आईकडून आलेल्या मोडक्या कोकणीत.
ग्लासातलं हुर्राक तसंच.
"उगम, ते खोटं होतं की खरं, मला अजून कळलेलं नाही.
एवढंच कळलं की मी ते मतांसाठी बोललो."

राजीनामा टाइप केला त्याच्या सचिवाने.
बारा वर्षं ह्याची भाषणं त्यानेच टाइप केली.
त्याचा जोडीदार दर नाताळला केक पाठवायचा,
हा आवडीने खायचा, आवडीने आभार मानायचा.
त्या दिवशी सचिवाने एक स्वल्पविराम सुधारला,
कागद पुढे केला,
आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला.
"तो काही बोलला नाही," लियांद्रबाब म्हणाला.
"मला वाटलं होतं, बोलेल."

मी काय सांगणार?
आमच्याकडे उमेदवार देवळात नारळ ठेवतो,
खुरसापाशी मेणबत्ती लावतो, पिराला चादर घालतो,
तिन्ही ठिकाणी तीच शपथ,
आणि निकाल लागल्यावर तिन्ही विसरतो.
त्याला कोणी विचारत नाही.
मला तर कधीच कोणी विचारलं नाही.
रात्री ह्याची मला थोडी लाज वाटली, मग झोप लागली.

सकाळी त्याला खाजनात नेलं.
बांधातल्या दाराला आम्ही मानस म्हणतो.
भरती आली की पाणीच ते लोटून बंद करतं,
ओहोटीला पाणीच उघडतं.
कुणी धरून बसावं लागत नाही.
तो बराच वेळ ओणवा होऊन बघत राहिला.
"आणि लाकूड कुजलं तर?"
तर खारं पाणी शेतात, मी म्हटलं.
तीन वर्षं भात नाही.

रविवारी पाद्रीने वाचनाला बोलावलं, तो गेला नाही.
शेवटच्या बाकावर बसला, चपला विकणाऱ्या रुझारिनच्या बाजूला.
लंडनलाही आता मागचाच बाक, म्हणाला,
पण तिथे पाय पसरायला जागा कमी.

परतीच्या फेरीत त्याने विचारलं,
"तुझा देव कुठला?"
माशेलचा, मी म्हटलं. पूर्वी इथलाच, चोडणचा.
आईच्या कडेवर बसलेला लहान बाळ.
त्याने मान वर केली.
"मग गेला कशाला?"

फेरी मध्यावर होती, इंजिन धडधडत,
कांदळांवरून एक बगळा आमच्यापुढे निघाला.
लोक विचारायला लागले होते, मी म्हटलं.

तो हसला नाही.
बॅग ह्या हातातून त्या हातात घेतली
आणि रायबंदर येईपर्यंत
उजव्या बुटावरचा चिखल
डाव्या बुटाने काढत राहिला.