क्रियापद शेवटी

ग्रिम्सबीत, ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत
दर मंगळवारी सहा ते आठ
हेझलबाई आम्हाला आडून विचारायला शिकवतात.

व्हेअर इज द स्टेशन, असं थेट विचारायचं नाही.
म्हणजे चालतं, पण दार न वाजवता
कुणाच्या स्वयंपाकघरात शिरल्यासारखं होतं.
आधी उंबऱ्याशी थांबायचं: कुड यू टेल मी.
पायपुसण्यावर पाय पुसायचे.
मग आत: व्हेअर द स्टेशन इज.

इज शेवटी.
मी वही जवळ धरून पुन्हा वाचलं.
स्टेशन कुठे आहे.
आहे शेवटी.
म्हणजे ही माणसं अदबीनं बोलायला लागली
की यांचं क्रियापद
मुकाट आमच्या जागेवर येऊन बसतं!
मी एकटीच हसले.
एनी प्रॉब्लेम? बाईंनी विचारलं. थेट.

दिवसभर मी कारखान्यात
पट्ट्यावरून येणारी माशांची बोटं खोक्यात भरते,
दहा-दहा, सगळी सरळ.
सरळ बोटानं तूप निघत नाही
हे मला कुरुंदवाडातच शिकवलं होतं.
निघालेल्या माणसाला 'कुठे' विचारू नये,
काम फिसकटतं;
'लांबवर का?' एवढंच म्हणावं.
आणि आपण निघताना
जाते म्हणू नये, येते म्हणावं.
इतकं सगळं येत असून
इंग्रजीत मात्र मी अठरा महिने
सुपरवायझरला नुसतं 'टॉयलेट?' विचारत होते.

मग बाई म्हणाल्या, एकेक प्रश्न करा, स्वतःचा.
बोगुमिलानं बसचं विचारलं, मध्येच एक डझ घुसला.
मी पगाराचं विचारलं, इफ विसरले.
तेस्फाय कधी बोलत नाही. तो उभा राहिला,
शाळेतली मुलं राहतात तसा, हात बाजूला.
कुड यू टेल मी, प्लीज,
व्हेअर माय ब्रदर इज.

एकही चूक नव्हती.
बाईंच्या हातातलं मार्कर उघडंच राहिलं,
व्हेरी गुड त्यांना म्हणता येईना.
खाली कुणीतरी पुस्तकांची गाडी ढकलत होतं,
तिचं एक चाक कुरकुरत होतं.

बसथांब्यावर आम्ही दोघंच. हंबरवरून वारा.
मनात मी जुळवू लागले: आय वॉज वंडरिंग,
वुड यू माइंड, इफ इट्स नॉट टू...
उंबरे किती, पायपुसणी किती,
आणि तो आत एकटा.

वॉट्स हिज नेम, मी विचारलं.

फिलमोन, तो म्हणाला. मग वय.
मग तो शीळ कशी घालायचा
ते घालून दाखवलं, वाऱ्यात नीट जमली नाही,
म्हणून पुन्हा.

नऊ नंबर आली.
पायरी चढताना मला इंग्रजी सुचेना.
येते हं, म्हणाले.