पाण्याच्या दिवशी

प्लॅन शंभरचा. मोजला की सात.
कधी साडेसहा. एकदा दोन पूर्णांक काहीतरी,
तेव्हा मी फोन पालथाच घातला.

टॉवेलच्या नव्या डिझाइनची फाइल
बासष्ट टक्क्यांवर येऊन बसलेली,
अशोक चौकात म्हैस बसते तशी, हॉर्न ऐकून कान हलवणारी, बस.
आणि कारखान्यातून अंबादासचा दर दहा मिनिटांनी फोन:
"वहिनी, जकार्ड मोकळा उभाय. काय करू?"

कस्टमर केअरची मुलगी गोड बोलली.
बंद करा, तीसपर्यंत मोजा, चालू करा.
मी मराठीत मोजले.
अत्तम्मांनी विड्या वळता वळता तेलुगूत मोजले.
त्यांचे तीस माझ्या आधी संपले.
वेग आठ.

मग राउटर लोखंडी कपाटामागून काढला.
लग्नातलं कपाट, त्याच्याआडून माणसाची हाक येत नाही,
तिथून लहरी काय येणार.
फ्रीजवर ठेवला, मार्कंडेयाच्या फोटोशेजारी.
अकरा.
वायर थेट लॅपटॉपला जोडली. अकराच.
म्हणजे वायफायवर उगाच आळ.
पासवर्ड बदलला,
तर दोन मिनिटांत वरच्या गॅलरीतून आवाज, "नेट गेलं बे!"
ते प्रकरण वेगळं. त्यांच्या आईशी बोलेन.
वेग मात्र तोच.

रात्री सगळं आपोआप ठीक.

तिसऱ्या दिवशी कंपनीचा मल्लिनाथ आला,
घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, खिशात मीटर.
वायरचं टोक पुसलं, मीटरमध्ये घातलं.
"वजा एकोणीस. मॅडम, प्रकाश एकदम फर्स्ट क्लास."
आणि स्पीड? पंच्याण्णव.
पाहुण्यांसमोर पोर शहाण्यासारखं बसतं ना, तसं.
त्याने ताक घेतलं, सही घेतली, गेला.

चार दिवस ठीक. पाचव्या दिवशी सात.

मी कॅलेंडरवर रोजचा आकडा लिहीत होते,
बारीक, पेन्सिलीने.
त्याच चौकटींत अत्तम्मांचे लाल गोल, नळाला पाणी आलं त्या दिवसांचे.
मांडीवर सूप, सुपात तंबाखू, मान खाली,
त्या एवढंच म्हणाल्या:
"तुझा सात माझ्या नीळ्ळूच्या दिवशीच येतो."

मी उठून भिंतीपाशी गेले.
सात. गोल. सात. गोल. साडेसहा. गोल.
बाहेर मोटर घरघरत होती.

गच्चीवर ऊन असं की पत्र्याला हात लागेना.
खालून टाकीकडे येणारा पाइप
पाणी चढताच ताठ झालेला, ओढ घेत होता,
आणि त्याला बांधलेली ती काळी, शेवयीएवढी वायर
कठड्याच्या धारेवर काटकोनात मुडपलेली.

लूमवर धागा तुटला तर बोटांना कळतं,
गाठ मारायची, माग पुन्हा चालू.
हा धागा काचेचा.
तुटलेला नव्हता, म्हणून कुणालाच दिसला नाही.
उजेड आत धावत येत होता
आणि त्या एका कोपऱ्यावर सांडत होता,
भरउन्हात, कुणाच्या उपयोगाचा नाही.

बांधलं कुणी?
टॉवेलच्या काठाची पट्टी, आणि गाठ
विणकराची, चपटी, ओढली तर आणखी घट्ट होणारी.
मावय्यांनी मला शिकवलेली.
दिवाळीच्या साफसफाईत वायर लोंबत होती, तेव्हा मीच.

महिनाभर कंपनीला शिव्या घातल्या,
त्या शिव्या कुणाला परत देऊ, सुचेना.

गाठ सोडली. वायरला कडक भाकरीएवढं
सैल वेटोळं दिलं, खिळ्याला अडकवलं,
पाइपापासून चांगलं हातभर लांब.
खाली आले. शहाण्णव.
अंबादासचा फोन वाजेपर्यंत फाइल उतरून गेली होती,
"आलं वहिनी," तो म्हणाला, आणि मागे लूम खडखडला.

अत्तम्मांना आकडा सांगितला.
त्यांनी विडीला दोरा गुंडाळला, दाताने तोडला.
"बरं झालं," म्हणाल्या.
"आता नळाचं बघ. टाकी अर्धीच भरते."