उकार

मार्केट यार्डात एकतीस वर्षं हळद तोलली.
बारदान किती, ओल किती, पोत्यामागं तूट किती धरायची,
हे मला कुणी सांगायला नको.
छातीत कळ आली तेव्हाही
आधी काट्याकडंच बघितलं.
वाटलं, त्याचंच काहीतरी बिघडलंय.

मिरजेला नेलं. तीन नळ्या बंद.
योजनेच्या खिडकीवर कवलापूरची एक पोरगी,
गळ्यात ओळखपत्र, डोळ्यांत झोप.
म्हणाली, काका, रेशनकार्डावर मगदुम आहे,
आधारवर मगदूम.
अख्खी योजना एका उकारावर अडली.
चौथीत या उकारासाठी छडी खाल्ली होती,
तेव्हा वाटलं, गुरुजी उगाच तोलतायत.

शेजारच्या खाटेवर दादू नदाफ,
माझ्या काट्यावर पोती टाकणारा.
त्याचे कागद चोख.
माझ्याआधी आत गेला,
जाताना म्हणाला, येतो तोलार, नंबर धरा.

मग राजमतीनं पिशवीत हात घातला,
चपात्यांच्या डब्याखालून
एक प्लास्टिकची फाईल काढली.
सहा वर्षं सावळीला बेदाणा निवडायला जाते,
पैसे विचारले की म्हणायची, गॅसला गेले.
मी म्हणायचो, बरं.
आणि त्या एजंटाला तर मी दारातूनच हाकलला होता,
माणूस आजारी पडायच्या आधीच अडत कापतोस?

पहिले दोन दिवस त्या फाईलनं उचलले.
तिसऱ्या दिवशी पोरगीनं धावपळ करून
कुठूनसा शिक्का आणला,
उकार लांब झाला,
छाती उघडायचा खर्च सरकारच्या खात्यावर.
तरी रक्ताच्या पिशव्या, रिक्षा, रात्रीचा चहा
आमच्याच खिशातून.
तूट राहिलीच.
पण पोत्यामागं धरतो तेवढी.
घर विकून भरावी लागली नाही.

आता शिवण खाजते. जड उचलायचं नाही.
दुपारी ती फाईल घेऊन बसतो,
बारीक अक्षरातलं काही कळतं, काही नाही.
पहिल्या पानावर मात्र तिच्या हातानं भरलेलं माझं नाव.
राजमती सातवीतून सुटलेली.
दू दीर्घ. बरोब्बर.

काल दादू आला, बिनसाखरेचा चहा फुंकत म्हणाला,
तोलार, एकूण किती बसला ओ?
मी म्हटलं, थांब,
काटा अजून हलतोय.