देठासकट

लिंबू पिळ, पीठ चोळ, धू. पुन्हा धू.
बोकडाला स्वतःचा वास विसरायला लावायचा,
पण अर्धाच. सगळा विसरला तर ते मटण कसलं?
हाडं राहू देत.
हाडं काढून मागणारे लोक पोर्ट ऑफ स्पेनला राहतात.

तू काही नवा नाहीस, क्युथबर्ट. दोन वर्षं झाली.
पण या चुलीपुढे आज पहिल्यांदा उभा आहेस,
आणि तुझे ते बंदरावरचे हात
सुरी अशी धरतात, जसा बोटीचा दोर.
धर तशीच. मला काय, बोटं तुझी.

शाडो बेनी मागच्या नळापाशी आहे,
करवतीच्या कडांची पानं. ओरबाडू नकोस, खुड.
पातीचा कांदा, थाइम, लसूण,
सगळं वाटून मटणाला लाव
आणि तासभर त्याच्याशी बोलू नकोस.

आता लोखंडी भांडं. तेल.
मसाला पाण्यात कालवून सोड. मागे सरू नकोस,
तो ओरडतो नुसता, चावत नाही.
दाणेदार झाला, तेल कडेला आलं, की मटण.
परतत राहा, अंगचं पाणी सुटून आटेपर्यंत.
याला आम्ही भुंजे म्हणतो.
माझ्या सासूला अख्खी भाषा येत होती.
मला तिच्यातले चौदा शब्द येतात,
अकरा या भांड्यातले, तीन शिव्या.
त्यातल्या दोन मी तुला दिल्या होत्या,
तुमच्या लग्नाच्या दिवशी, फाटकातून.

पाणी उकळतंच घाल.
गार घातलंस तर मटण रुसतं,
आणि रुसायचं काम या घरात
आम्ही दोघींनी आधीच वाटून घेतलंय.

ही काँगो मिरची. पिवळी, फुगीर, देठासकट.
चिरायची नाही. नुसती वर सोडायची, तरंगू द्यायची.
अख्खी राहिली तर भांडंभर सुगंध,
फुटली तर शेजारची मर्लिनसुद्धा रडेल.
म्हणून डाव हळू फिरव, कडेकडेनं.
आता झाकण. तीन तास.
उघडायचं नाही.

तीन तास काय करायचं?
बस की. रेडिओवर आजच्या मयतांची नावं सांगतायत,
ओळखीचं निघालं तर गप्प हो, नाही तर चहा घे.
उसाच्या ट्रॉल्या याच रस्त्यानं जायच्या.
कारखाना बंद झाला, रस्ता अजून
त्यांच्याच वजनानं खचलेला आहे.

एक विचारू?
मटण तुला शिकायचंय, की कोणी शिकायला धाडलंय?

धाडलं नाही, म्हणतोस.
इंद्राणी काही मागतच नाही, म्हणतोस.
फक्त रात्री दोनला उठते,
जाऊन स्वयंपाकघरात उभी राहते, दिवा न लावता,
आणि म्हणते, कुणीतरी जिरं भाजतंय.
आणि कुणीच भाजत नसतं.
आणि सकाळी उलट्या.

सकाळी.

थांब जरा. कितवा?
बोटं मोजू नकोस रे, तोंडानं सांग.

(झाकण मीच उघडलं.
वाफ इतकी आली की चष्मा काढून पुसावा लागला,
बराच वेळ पुसावा लागला.
हाडं सैल झाली होती.
मिरची शाबूत. पातळ कातडी, आत सगळी आग,
रश्श्यावर डुलत होती, देठ वर करून.)

पुरे. विस्तव काढ.
भांडं टॉवेलात बांध, गाठ वर येऊ दे.
मॅक्सी टॅक्सीत मागे बसू नकोस, मागे उडतं.
मांडीवर घे. भाजेल. भाजू दे.
मिरची तिच्या ताटात पडू देऊ नकोस,
देठाला धरून अलगद बाहेर काढ.
आणि सांगू नकोस मी काय म्हणाले.
काही म्हणालेच नाही मी.

तेवढं भांडं परत हवंय मला. रविवारपर्यंत.
सासूचं आहे ते.

द्यायला तू येऊ नकोस.